चिलिकेचे मुख

कोलकात्याहून चेन्नईकडे जाणारी आगगाडी ओडिशातील खुर्दा रोड स्थानक मागे टाकून दक्षिणेकडे निघाली, की काही वेळाने खिडकीबाहेरचे दृश्य पालटू लागते. उजव्या हातास पूर्व घाटाचे हिरवे डोंगर रुळांच्या जवळ येतात आणि डाव्या हातास एकाएकी पाणी दिसू लागते. पाणी, पाणी आणि पाणी! पलीकडचा तीर दिसत नाही. नवखा प्रवासी शेजाऱ्याला म्हणतो, "समुद्र आला वाटते." परंतु हा कसला समुद्र? याला लाटांची गर्जना नाही, भरतीओहोटीचा आवेश नाही. कोळ्यांच्या नावा त्यावर संथपणे तरंगत आहेत आणि काठापासून दूरवर उभा असलेला एखादा माणूस कमरेइतक्या पाण्यात जाळे ओढीत आहे. बरे, तळे म्हणावे, तर एवढे मोठे तळे कोणी कोठे पाहिले आहे?

हे चिलिका सरोवर होय. ओडिशातील पुरी, खुर्दा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांत ते पसरलेले आहे. त्याची लांबी सुमारे ६४ किलोमीटर आहे. उन्हाळ्यात त्याचा विस्तार ९०० चौरस किलोमीटरांच्या आसपास असतो. पावसाळ्यात तो ११०० चौरस किलोमीटरांच्याही पुढे जातो. बृहन्मुंबईसारखे अवाढव्य शहर त्यात सहज मावेल. मात्र एवढ्या विस्ताराच्या मानाने त्याची खोली फारच थोडी. उत्तरेकडच्या भागात तर उन्हाळ्यात नावाड्याचा बांबू चार हातही बुडत नाही.

भूगोलाच्या पुस्तकात अशा जलाशयाला 'खाजण सरोवर' म्हणतात. केरळातील 'कायल' याच जातीचे. आपल्या कोकणात नद्या समुद्राला मिळतात तेथे खाड्या असतात. परंतु चिलिकेसारखे विस्तीर्ण सरोवर तेथे नाही. ओडिशाचा किनारा सखल आणि वाळूचा आहे. पावसाळी वाऱ्यांबरोबर येणाऱ्या लाटा या किनाऱ्यावर तिरप्या आदळतात आणि प्रत्येक लाट थोडी थोडी वाळू ईशान्येकडे ढकलते. हजारो वर्षे हा उद्योग चालला आणि किनाऱ्यासमोर वाळूचा एक लांबच लांब दांडा तयार झाला. दांड्याच्या बाहेर राहिला तो बंगालचा उपसागर आणि आत कोंडले गेले ते चिलिका सरोवर. दोघांमध्ये ये-जा करण्यास एक अरुंद वाट तेवढी उरली. तीच चिलिकेचे मुख. या सरोवराची सारी कथा त्या मुखाशी निगडित आहे.

ओडिया लोकांनी ही कथा आपल्या परीने सांगितली आहे. रक्तबाहू नावाचा एक राजा पुरी लुटण्यासाठी मोठे आरमार घेऊन आला आणि किनाऱ्यापासून दूर, कोणास दिसणार नाही अशा बेताने नांगर टाकून राहिला. परंतु जहाजांवरून फेकलेला केरकचरा लाटांबरोबर किनाऱ्यास लागला आणि पुरीचे लोक सावध झाले. सैन्य आले तो नगर ओस! रक्तबाहू समुद्रावर रागावला. समुद्राने माघार घेतली, सैन्य त्याच्या मागे धावले आणि मग समुद्र असा उलटला, की सैन्य बुडाले व चिलिका निर्माण झाली. कथा खरी मानण्याचे कारण नाही. परंतु समुद्र आत आला आणि पुन्हा पुरता बाहेर गेला नाही, एवढी गोष्ट कथाकाराने अचूक हेरली आहे.

आता या सरोवराचे पाणी कसे आहे ते पाहू. दया, भार्गवी इत्यादी महानदीच्या शाखा उत्तरेकडून त्यात गोडे पाणी आणून ओततात. यांपैकी दया नदीच्या काठी धौली येथे सम्राट अशोकाचा शिलालेख आहे, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. पावसाळ्यात या नद्यांना पूर येतो, सरोवर फुगते आणि जादा पाणी मुखावाटे समुद्रात जाते. हिवाळा सरत आला, की नद्यांचे पाणी आटते. सूर्याच्या तापाने सरोवराचे पाणीही कमी होते आणि दक्षिणेचा वारा सुटला, की समुद्राचे खारे पाणी त्याच मुखाने आत शिरू लागते. म्हणून चिलिकेचे पाणी ऋतूप्रमाणे बदलते आणि स्थळाप्रमाणेही बदलते. उत्तरेस ते जवळजवळ गोडे, दक्षिणेस मचूळ आणि मुखाजवळ समुद्रासारखे खारट असते. गोड्या पाण्यातील कमळ आणि खाऱ्या पाण्यातील खेकडा हे दोघेही एकाच सरोवरात सुखाने राहतात, ते यामुळेच.

ही गोष्ट केवळ वाचून नीट कळत नाही. चिलिकेवर दोनतीन दिवस राहून, नावेतून आणि पायी हिंडूनच ती पाहावी. त्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

प्रारंभ उत्तरेकडून करावा. तेथे मंगलाजोडी नावाचे गाव आहे. गावाबाहेर बांधावरून चालत गेले, की दलदलीचा प्रदेश लागतो. नळगवत आणि बोरू माजलेले, मधून मधून पाण्याच्या अरुंद वाटा. येथे यंत्राच्या नावेचे काम नाही. नावाडी सपाट तळाच्या नावेत मागे उभा राहतो आणि लांब बांबू तळाच्या चिखलात रोवून नाव पुढे रेटतो. वल्ह्याचाही आवाज नको, असा त्यांचा दंडक आहे. आपणही भडक रंगांचे कपडे घालू नयेत आणि बोलणे कुजबुजण्यापुरतेच ठेवावे. मग काय काय दिसते म्हणता! तांबड्या काड्यांसारख्या पायांवर तोल सावरीत चालणारे शेकाटे, चोच चिखलात मुळापर्यंत खुपसणारे पाणटिवळे, जांभळ्या पाणकोंबड्या, पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवरून चालत जाणारे कमळपक्षी, निमुळत्या शेपटीची तलवार बदके, पसरट चोचीने पाणी गाळणारी थापटी बदके. काळ्याभोर अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला एक पक्षी येथे थव्याथव्यांनी पोहत असतो. आपल्याकडे त्याला 'वारकरी' म्हणतात. पंढरीची वाट न चालता या पक्ष्याने हे नाव मिळवले आहे.

यांतील पुष्कळ पक्षी पाहुणे आहेत. थंडीत सायबेरिया, मंगोलिया, मध्य आशिया येथील तळी गोठतात. खायला काही उरत नाही. तेव्हा हे पक्षी हजारो किलोमीटर उडत येथे येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हा हंस तर हिमालय ओलांडून येतो. दर वर्षी जानेवारीत चिलिकेवरील पक्ष्यांची गणना होते. अलीकडच्या गणनांत त्यांची संख्या दहा लाखांहून अधिक भरली आहे.

मंगलाजोडीचे लोक आज पाहुण्यांना पक्षी दाखवून आणि त्यांची राखण करून चार पैसे मिळवतात. पूर्वी मात्र हे पक्षी मारणाऱ्यांचे गाव म्हणून ओळखले जाई. बंदुकीने, जाळ्याने, विष घातलेल्या दाण्यांनी पक्षी मारावेत आणि बाजारात विकावेत, हा अनेकांचा धंदा होता. पक्षी दिसेनासे होऊ लागले. पुढे पक्षिप्रेमी कार्यकर्त्यांनी गावात येऊन लोकांची समजूत घातली आणि सन २००० च्या सुमारास गावकऱ्यांनीच 'श्री श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती' स्थापन केली. पक्षी कोठे उतरतो, कोठे निजतो, कशाने बिचकतो, हे शिकाऱ्याइतके कोणास ठाऊक असणार? ते ज्ञान तेच राहिले, फक्त त्याचा उपयोग बदलला.

सरोवराच्या मध्यभागी नलबन नावाचे बेट आहे. नळगवताचे बन म्हणून नलबन. त्याचे क्षेत्र सुमारे पंधरा चौरस किलोमीटर आहे, परंतु पावसाळ्यात तुम्ही ते शोधू लागलात, तर सापडायचे नाही. ते पाण्याखाली गेलेले असते. पाणी ओसरले, की चिखलाचे पठार वर येते आणि त्यात पक्ष्यांना हवे ते सारे अन्न असते. रोहित पक्षी, ज्यांना आपण अग्निपंख असेही म्हणतो, ते येथे उतरतात. मान खाली घालून, चोच उलटी धरून ते चिखलपाणी गाळतात. दुरून पाहिले, तर क्षितिजावर फिकट गुलाबी रेघ ओढल्यासारखी वाटते. नलबन हे पक्ष्यांचे अभयारण्य आहे. तेथे उतरण्यास मनाई आहे आणि ते योग्यच आहे. दुर्बीण बरोबर न्यावी, म्हणजे जवळ जाण्याची गरजच उरत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर बालुगाव, बरकुल आणि रंभा ही गावे आहेत. आगगाडीतून दिसते ती ही बाजू. येथे डोंगर पाण्याशेजारीच उभे असल्याने पायी हिंडण्यास हा भाग फार रमणीय आहे. बरकुलपासून काही अंतरावर डोंगराच्या उतरणीवर नारायणीचे देऊळ आहे; तेथे झाडीतून झरा वाहतो. संध्याकाळी काठाकाठाने चालावे, म्हणजे कोळ्यांच्या नावा परतताना दिसतात. बालुगावच्या बाजारात कोळंबी, खेकडे, बोय, जिताडा अशी मासळी येते. सरोवराच्या आसमंतातील सुमारे दोन लाख कोळी लोकांचा संसार या पाण्यावर चालतो.

बालुगाव-बरकुलाहून नाव कालीजाई बेटाकडे जाते. जाई नावाची एक नवी नवरी बापाबरोबर नावेतून सासरी निघाली होती. वाटेत वादळ उठले, नाव उलटली. बाकीचे वाचले, जाई तेवढी सापडली नाही. तीच पुढे या सरोवराची देवी झाली, असे लोक मानतात. मकरसंक्रांतीला येथे मोठी जत्रा भरते. कोणताही नावाडी या बेटाजवळून जाताना हात जोडल्यावाचून राहत नाही. या कथेतील वादळ मात्र काल्पनिक नाही. पाणी उथळ आणि वाऱ्याला अडवणारे काही नाही, अशा ठिकाणी वारा उठला, की पाहता पाहता तोकड्या, उभ्या लाटा उसळू लागतात. म्हणून नावाड्याने "आज नको" म्हटले, तर हट्ट धरू नये. आणि निघाल्यावर तरंगते जाकीट अंगातून काढू नये.

दक्षिणेस रंभेजवळ लहान लहान खडकाळ बेटे आहेत. त्यांतील बरकुडा बेट दिसण्यात काही विशेष नाही, परंतु प्राणिशास्त्रात त्याचे नाव अमर झाले आहे. नेल्सन ॲनन्डेल या शास्त्रज्ञाने १९१७ साली या बेटावरील एका विलक्षण सापसुरळीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिला पाय नाहीत! मातीत वळवळत राहणारा हा प्राणी दिसण्यात गांडुळासारखा, पण जात सापसुरळीची. शास्त्रज्ञांनी तिच्या नावात बरकुडा हे बेटाचे नावच गोवले आहे.

आता पूर्वेकडे वळू. पुरीहून सुमारे पन्नास किलोमीटरांवर सातपडा हे गाव आहे. येथून नावेने मुखाकडे जाता येते. या वाटेवर चिलिकेतील सर्वांत लाडका प्राणी भेटतो, तो म्हणजे इरावती डॉल्फिन. ब्रह्मदेशातील इरावती नदीवरून त्याचे नाव पडले आहे. चित्रातल्या डॉल्फिनला लांब चोचीसारखे तोंड असते, तसे याला नाही. याचे डोके गोल, कपाळ फुगीर आणि चेहरा हसरा. तो फारशा उड्या मारीत नाही. पाण्यावर करडी पाठ दिसते, फुस् असा श्वास ऐकू येतो आणि क्षणात सारे शांत. हा मासा नव्हे. तुमच्याआमच्यासारखा हवेत श्वास घेणारा, पिल्लांना दूध पाजणारा प्राणी आहे. साऱ्या चिलिकेत हे डॉल्फिन दीडशेच्या आसपास आहेत. पाठ दिसली रे दिसली, की दहा यंत्राच्या नावा चहूकडून तिच्यावर धावून जातात, हे दृश्य मला मुळीच आवडत नाही. यंत्राच्या आवाजाने डॉल्फिन गांगरतो आणि पंख्याच्या पात्याने जखमीही होतो. नावाड्याला यंत्र बंद करावयास सांगावे आणि स्वस्थ बसावे. डॉल्फिनला श्वासासाठी वर यावेच लागते. थोडा धीर धरला, तर तो आपण होऊन दिसतो.

मुखाजवळ नाव वाळूच्या दांड्याला लागते. येथे उतरून चालावे. काही मिनिटांतच पाठीमागे संथ सरोवर आणि समोर खवळलेला बंगालचा उपसागर, असे दोन देखावे एकाच जागेवरून दिसतात. पायाखाली तांबडे खेकडे लगबगीने बिळांत शिरतात. या वाळूशी महाराष्ट्राचा एक जुना संबंध आहे. १७५१ पासून ओडिशा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. सप्टेंबर १८०३ मध्ये इंग्रजांचे सैन्य कर्नल हारकोर्टच्या हाताखाली गंजामहून निघाले, ते सरोवर आणि समुद्र यांच्यामधील याच चिंचोळ्या पट्ट्यावरून. माणिकपटना हे मुखाजवळचे मराठ्यांचे ठाणे त्याने घेतले आणि पुरीची वाट मोकळी झाली. ओडिशातील मराठ्यांची बावन्न वर्षांची सत्ता त्या वर्षी संपली.

परंतु चिलिकेवर याहून मोठे संकट आले, ते शत्रूच्या सैन्याचे नव्हे, तर वाळूचे. लाटा वाळू ईशान्येकडे ढकलतात, हे वर सांगितलेच आहे. त्यामुळे मुख वर्षानुवर्षे त्याच दिशेने सरकत गेले. सरोवरापासून मुखापर्यंतची वाट लांब होत गेली आणि नद्यांनी आणलेल्या गाळाने ती उथळही होऊ लागली. एवढ्या लांबून येता येता भरतीचे बळ वाटेतच संपू लागले. खारे पाणी आत येईना आणि गाळ बाहेर जाईना. पाणी गोडे होऊ लागले, तसतशी पाणवनस्पतींची दाटी झाली. कोळंबीची पिल्ले समुद्रात जन्मतात आणि वाढण्यासाठी सरोवरात येतात. बोय मोठी झाली, की अंडी घालण्यास समुद्राकडे जाते. दारच बंद झाल्यावर त्यांनी करावे काय? शेतात पीक न आले, तर शेतकऱ्याची जी अवस्था होते, तीच येथील कोळ्यांची झाली. १९८१ साली भारताने रामसर कराराखाली जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत चिलिका आणि भरतपूरचे केवलादेव या दोन जागा सर्वप्रथम घातल्या होत्या. त्याच चिलिकेचे नाव १९९३ मध्ये धोक्यात आलेल्या पाणथळ जागांच्या नोंदीत गेले.

उपाय शोधण्याचे काम ओडिशा सरकारने १९९१ मध्ये स्थापलेल्या चिलिका विकास प्राधिकरणाकडे होते. मुख कोठे उघडावे? चुकीच्या जागी वाळू खणली, तर लाटा ती खाच पुन्हा भरून टाकणार. यासाठी पाण्याचे प्रवाह, भरतीचे बळ आणि वाळूची गती यांचा हिशेब मांडावा लागला. त्या अभ्यासात पुण्याजवळील खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचा मोठा वाटा होता. अखेर सातपड्याजवळ दांडा कापून २३ सप्टेंबर २००० रोजी नवे मुख उघडण्यात आले. समुद्राकडे जाणारी वाट त्यामुळे तब्बल अठरा किलोमीटरांनी कमी झाली.

पुढे जे घडले ते आकडेच सांगतील. १९९९-२००० या वर्षी सरोवरात सुमारे १,७५० टन मासळी मिळाली होती. २००१-०२ मध्ये ती जवळजवळ १२,००० टनांवर गेली. २००२ मध्ये धोक्यातील जागांच्या नोंदीतून चिलिकेचे नाव काढण्यात आले. आशियातील असे हे पहिलेच उदाहरण.

सारेच सुरळीत झाले असे मात्र नाही. कोळंबीला परदेशांत मोठी किंमत येते. तिच्या लोभाने सरोवरातच जाळ्यांचे आणि बांबूंचे कुंपण घालून घेऱ्या उभारल्या गेल्या. त्यांनी पाण्याचा प्रवाह अडतो, गाळ साचतो आणि लहान कोळ्याला जाळे टाकण्यास जागा उरत नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चिलिकेपासून एक हजार मीटरांच्या आत कोळंबी-संवर्धनास बंदी केली. त्यानंतरही घेऱ्या काढाव्यात आणि त्या पुन्हा उभ्या राहाव्यात, असे अनेकदा झाले आहे.

आणि वाळू? ती कोणाचा हुकूम मानीत नाही. माणसांनी खणलेले मुखही जागच्या जागी राहिले नाही. २००८ मध्ये समुद्राने स्वतःच एक नवी वाट फोडली. ऑक्टोबर २०१३ चे फायलिन आणि मे २०१९ चे फानी या चक्रीवादळांनंतर दांड्याला आणखी खिंडारे पडली. काही वाटा रुंदावतात, काही बुजून जातात. तुमच्या नकाशात चिलिकेचे मुख जेथे दाखवलेले असेल, तेथेच ते तुम्ही जाल तेव्हा सापडेल, असा भरवसा धरू नये. सातपड्याला उतरल्यावर ते नावाड्यालाच विचारावे.